गोळी कानाजवळून गेली असती तर…

पानिपताच्या रणात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? हा प्रश्न मराठी घरांना नवा नाही. आजोबा-नातवंडांच्या गप्पांत, एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या पंगतीत तो पिढ्यान्‌पिढ्या निघत आला आहे. उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. एक सुस्कारा, ‘दिल्ली आपलीच होती’ हे एक वाक्य, आणि मग चूक कुणाची यावर वाद : भाऊसाहेबांची, होळकरांची, की फौजेबरोबर निघालेल्या यात्रेकरूंच्या लटांबराची?

पण हाच प्रश्न जयपूरच्या एखाद्या मराठी घरात निघाला तर? तेथे सुस्कारा टाकायला घरातलीच चार माणसे असतात. चहाला आलेले शेजारी मात्र विचारतात, ‘तुमचं पानिपत झालं ते खरं, पण आमच्या ईश्वरीसिंहांचं काय?’ येथून पुढे गप्पा गप्पा राहत नाहीत.

जयपूरच्या उत्तरेला, सीकर रस्त्याच्या बाजूला विद्याधर नगर आहे. नोकरीनिमित्त येऊन येथे स्थिरावलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. वसाहतीचे नाव विद्याधर भट्टाचार्य यांच्यावरून आले. १७२७ साली सवाई जयसिंहांनी जयपूर वसवले, तेव्हा शहराचा आराखडा आखणारे हे बंगाली गृहस्थ. त्यांच्या नावाच्या या नव्या वसाहतीचा आराखडा १९८०च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी केला. २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळालेले हे वास्तुशिल्पी जन्माने पुण्याचे. जुन्या जयपूरची नऊ चौकोनांची मांडणी डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी नवी पेठ कागदावर उतरवली. म्हणजे बंगाल्याने आखलेल्या शहराची आठवण पुण्यात जन्मलेल्या माणसाने पुन्हा जागवली. इतकी सरमिसळ झालेल्या जागी इतिहासावरून भांडण होऊ नये असे आपल्याला वाटेल. तसे होत मात्र नाही.

२०२३च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने विद्याधर नगरच्या विद्यमान आमदारांना बाजूला ठेवून जयपूरच्या माजी राजघराण्यातील दिया कुमारी यांना उमेदवारी दिली. त्यावर जी नाराजी उमटली तिचा विषय रस्ते किंवा पाणी नव्हता. मोगलांपुढे झुकलेल्या आणि महाराणा प्रतापांविरुद्ध लढलेल्या घराण्यावर पक्षाची एवढी मेहेरबानी कशासाठी, असा सवाल तिकीट हुकलेल्या आमदारांच्या तोंडी वर्तमानपत्रांनी छापला. हळदीघाटची लढाई १५७६ सालची. एकविसाव्या शतकातल्या एका मतदारसंघात साडेचारशे वर्षांपूर्वीचा हिशेब निघाला तो असा. दिया कुमारी मोठ्या मताधिक्याने निवडून आल्या, उपमुख्यमंत्री झाल्या आणि तो विषय मागे पडला. पण राजस्थानात इतिहास किती चटकन राजकारण होतो, हे येथल्या मराठी कुटुंबांनी अगदी आपल्या गल्लीत पाहिले.

एकाच संस्थेचे दोन धडे

२०२५च्या ऑगस्टमध्ये अशाच एका वादात मराठी माणसे थेट ओढली गेली. एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात १७५९ सालच्या मराठा साम्राज्याचा नकाशा होता. त्यात जैसलमेरही मराठ्यांच्या रंगात रंगले होते. जैसलमेरच्या माजी राजघराण्यातून आक्षेप आला, राजस्थानातल्या इतरांनी तो उचलून धरला आणि महाराष्ट्रातून प्रत्युत्तरे आली. एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली. हे सर्व चालू असताना मोबाइलवरच्या कौटुंबिक गटांत जे चालले होते, ते ज्यांच्या घरात असे गट आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. पुण्याच्या मावशीने पाठवलेला मजकूर जयपूरच्या भाच्याने न वाचताच पुढे सरकवायचा. तो सोसायटीच्या गटात पडायचा. तेथून कुणी तरी चार ओळींचे खरमरीत उत्तर द्यायचे. मग दोन दिवस लिफ्टमध्ये ‘राम राम सा’ होत नाही.

आता गंमत पाहा. याच एनसीईआरटीने २००६ साली अकरावीसाठी ‘हॉर्नबिल’ नावाचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक काढले. त्यात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा एक धडा आहे. त्या धड्यात मराठे पानिपत जिंकतात. एवढेच नव्हे, तर त्यांचा प्रभाव साऱ्या हिंदुस्थानावर पसरतो, दिल्लीचा बादशहा नामधारी उरतो आणि सूत्रे पुण्याहून हलतात. आठवीच्या नकाशाने रंगवला त्याहून किती तरी मोठा मुलूख त्या धड्याने मराठ्यांच्या पदरात टाकला आहे. केंद्रीय बोर्डाच्या शाळांतून जयपुरातल्या, जोधपुरातल्या आणि खुद्द जैसलमेरच्या मुलांनीही वर्षानुवर्षे तो वाचला, त्यावरची प्रश्नोत्तरे पाठ केली आणि परीक्षेत गुण मिळवले. त्यावरून कुणाचेही डोके तापल्याचे ऐकिवात नाही.

असे का व्हावे? धडा काल्पनिक आहे म्हणून, असे उत्तर कुणी देईल. पण कल्पिताने डोकी तापत नाहीत असे राजस्थानात तरी म्हणता येणार नाही. आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ हा चित्रपट ६ डिसेंबर २०१९ला झळकला. भरतपूरचे महाराजा सूरजमल यांना त्यात मदतीच्या बदल्यात मोबदला मागताना दाखवले होते. त्यावर जाट समाज संतापला, जयपुरात एका चित्रपटगृहाची मोडतोड झाली, काही ठिकाणी खेळ बंद पडले आणि अखेर निर्मात्यांना चित्रपटातला काही भाग कापावा लागला. पानिपतावरून पळालेल्या मराठ्यांना याच सूरजमलांनी आश्रय दिला, अन्नवस्त्र दिले, हे लक्षात घेतले तर तो राग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

तेव्हा उत्तर दुसरे काही तरी असले पाहिजे. ते शोधायचे तर ती गोष्टच नीट उघडून पाहायला हवी.

गंगाधरपंतांची सफर

ही गोष्ट मूळची मराठी. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. विज्ञानकथेच्या जुन्या वाचकांना ती तोंडपाठ असेल. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. सभेचे अध्यक्षपद भूषवण्याची त्यांना भारी हौस. नऊशे नव्याण्णव सभा झालेल्या, हजारावी पानिपतावरच्या परिसंवादाची व्हायची होती. ‘मराठे जिंकले असते तर’ या विषयाचा विचार डोक्यात घोळवत चाललेले असताना ट्रकची धडक बसते आणि ते भलत्याच जगात जाऊन पडतात.

त्या जगात ते पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्स्प्रेसने निघतात. वाटेत सरहद्द लागते आणि पलीकडे इंग्रजांचे राज्य सुरू होते. मुंबई इंग्रजांकडे आहे, पण ती भाडेपट्ट्याने. ईस्ट इंडिया कंपनी अजून जिवंत आहे, दुकान चालवते आहे. पंत एशियाटिकच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात. पानिपतापर्यंत सारे ओळखीचे. पुढे मजकूर बदलतो. विश्वासरावांना चाटून जाणारी गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. फौजेचा धीर सुटत नाही आणि लढाई फिरते.

येथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मराठी पंगतीत रंगली असती. नारळीकर येथे थांबत नाहीत, आणि हाच त्यांच्या कथेचा खरा मोठेपणा. विजयानंतर विश्वासराव आणि माधवराव राज्य वाढवतात हे खरे. पण एकोणिसाव्या शतकात युरोपात यंत्रयुग येते आहे हे ओळखून पुण्याचे राज्यकर्ते स्वतःची विज्ञानकेंद्रे काढतात. परदेशी तज्ज्ञ बोलावतात ते आपली माणसे तयार होईपर्यंतच. विसाव्या शतकात पेशव्यांची धमक ओसरते आणि सत्ता निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडे जाते. म्हणजे पानिपत जिंकूनही पेशवाई कायमची राहत नाही. रेल्वेच्या डब्यात पंतांशेजारी एक खानसाहेब बसलेले असतात. ते पेशावरला निघालेले असतात. दिल्ली, लाहोर, पेशावर हा सरळ प्रवास! फाळणीचा शब्दही लेखक काढत नाही, वाचकाच्या मात्र लख्ख लक्षात येते.

आणि किंमत? तीही आहे. पंतांचा मुलगा विनय मुंबईत नोकरीला असतो. त्याच्या कचेरीच्या पत्त्यावर ते जातात, चौकशी करतात. त्या नावाचा कुणी माणूस तेथे नाही. अडीचशे वर्षांपूर्वीची एक गोळी चुकली, दिल्लीत मराठ्यांचा शब्द चालला, आणि त्या जगात बापाला स्वतःचा मुलगा सापडत नाही. कथेत हा प्रसंग चार ओळींत येऊन जातो. घरसंसार असलेल्या वाचकाला तो पानिपताइतकाच लागतो.

पुढे आझाद मैदानावर सभा चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात. पण या जगातल्या लोकांनी अध्यक्ष नावाचा प्रकार केव्हाच बंद केलेला असतो! टोमॅटो आणि अंडी खाऊन पंत आपल्या जगात परत येतात. खिशात मात्र बखरीचे एक पान राहून गेलेले असते. मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना समजावून सांगतात. इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे पुंजभौतिकी सांगू शकत नाही, फक्त शक्यता सांगते. मग प्रत्येक शक्यतेचे एकेक जग असेल तर? (ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली असा विचार गंभीरपणे मांडला होता.) फ्रेंच गणिती रेने तोम यांचा ‘कॅटॅस्ट्रॉफी’चा सिद्धांतही कथेत येतो. परिस्थितीत किंचित बदल झाला की परिणाम एकदम उलटा होतो, असे काही क्षण असतात. पानिपतावर तो क्षण सेनापती पडण्याचा होता.

आता लक्षात येते की जयपूरच्या मुलाला या गोष्टीचा राग का आला नसावा. ही गोष्ट ‘आमचेच होते’ असे म्हणत नाही, ‘समजा’ म्हणते. आणि एकदा समजा म्हटल्यावर जे जे निघेल ते सगळे मान्य करते, गोड तेवढेच उचलत नाही. राजकीय भांडणात माणूस नेमका हाच नियम मोडतो. ‘तेव्हा अमुक पक्ष नसता तर’, ‘तमुक नेता आधी आला असता तर’ अशी वाक्ये रोज कानांवर पडतात. पण त्या ‘तर’नंतर फक्त आपल्याला हवे ते घडते. कुणाचा मुलगा हरवत नाही, कुणाची नोकरी जात नाही, कुणाचे घर बदलत नाही.

जयपूरचे ‘जर’

नारळीकरांच्या गोष्टीत जयपूर नाही. जयपूरच्या वाचकाने ते स्वतः भरायचे म्हटले तर काय दिसेल?

मागे जावे लागते ते पानिपताच्या अर्धशतक आधी. १७०८ साली सवाई जयसिंहांनी मेवाडच्या राजकन्येशी विवाह करताना कबूल केले, की तिला मुलगा झाला तर गादी त्याची. पुढे मोठा मुलगा ईश्वरीसिंह दुसऱ्या राणीचा निघाला आणि मेवाडच्या राणीला माधोसिंह झाला. १७४३ साली जयसिंह वारले आणि भाऊबंदकी पेटली. दोन्ही बाजूंनी मराठ्यांची मदत मागितली, पैसे कबूल केले. मल्हारराव होळकर माधोसिंहांच्या बाजूने उतरले. ईश्वरीसिंहांनी १७४७ साली राजमहालची लढाई जिंकली आणि तिची आठवण म्हणून त्रिपोलिया बाजारापाशी सात मजली मनोरा उभा केला, तो ईसरलाट. १७४८ साली बगरूला मात्र ते हरले. कबूल केलेली रक्कम देता येईना. १७५०च्या डिसेंबरात होळकरांची फौज जयपूरवर चालून आली, तेव्हा ईश्वरीसिंहांनी विष घेतले आणि नागाचा दंशही करवून घेतला, असे जयपुरात आजही सांगतात.

माधोसिंह गादीवर आले ते मराठ्यांच्याच बळावर. पण मागण्या थांबेनात. १७५१च्या जानेवारीत शहर पाहायला आत आलेल्या हजारो मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले. दरवाजे बंद करून दिवसभर कत्तल चालली. त्यानंतर दहा वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ला, पानिपतावर मराठी फौज एकटी उभी होती. राजपूत राजे का आले नाहीत, हा मराठी पंगतीतला आवडता प्रश्न. त्याचे उत्तर त्रिपोलिया बाजारातल्या त्या सात मजल्यांत आहे. जयपूरला गेलेल्या मराठी पर्यटकांनी हवामहालाबरोबर तेही पाहून यावे.

पण सगळी कथा एवढीच नाही. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या, तेव्हा याच सवाई जयसिंहांनी त्यांचा मोठा सन्मान केला होता. जयसिंहांच्या दरबारात ज्यांनी टॉलेमी आणि युक्लिड संस्कृतात आणले ते सम्राट जगन्नाथ हे मराठी ब्राह्मण होते, असे मानले जाते. जंतरमंतरवरची सत्तावीस मीटर उंचीची सूर्यघडी ज्या विद्येतून उभी राहिली, त्या विद्येत मराठी माणसाचाही वाटा आहे.

आता ‘समजा’ म्हणा. समजा १७०८ची ती कबुली दिलीच गेली नसती. मग कदाचित ईसरलाटही नाही, कत्तलही नाही. जयपूरची फौज पानिपतावर आली असती का? कदाचित. समजा ती नसतीच आली आणि तरी मराठे जिंकले असते. मग जयपूरकडचा चौथाईचा तगादा वाढला असता की सुटला असता? विजयी फौजेलाही पगार द्यावाच लागतो, तेव्हा वाढलाच असता असे म्हणायला जागा आहे. म्हणजे मराठ्यांना हवे ते ‘जर’ जयपूरला नको असू शकते. आणि इंग्रज तेवढे पसरले नसते, तर रेल्वे, बँका, केंद्र सरकारच्या बदल्या हे सारे आजच्या रूपात आले असते का? नसते आले, तर विद्याधर नगरात मराठी कुटुंबही नसते आणि हा वाद घालायलाही कुणी नसते.

अशा रीतीने तीन पावले पुढे गेले, की दोन्ही बाजूंचा आवाज जरा उतरतो. वाद संपत नाही. पण ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ यांच्या जागी थोडा वेळ तरी ‘ते’ येतात : ईश्वरीसिंह, मल्हारराव, माधोसिंह.

भागवतांपासून नारळीकरांपर्यंत

ही सवय मराठी वाचकांच्या एका पिढीला लहानपणीच लागली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांनी शाळेत असताना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावे नुसती उच्चारली तरी त्यांना सुट्टीतली दुपार आठवते. मग अंतरकरांचे ‘नवल’ आले, नारायण धारप आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे नारळीकरच! आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे अशी मोठी फळी उभी राहिली. दिवाळी अंकात विज्ञानकथा नसेल तर चुकल्यासारखे वाटावे, इतकी तिची घरात ये-जा झाली.

विज्ञानकथेचे वाचक म्हणजे शांत, समंजस माणसे असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. अमेरिकेत १९३९ साली न्यूयॉर्कला या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले, त्याच्या दारातच राजकारणावरून तंटा झाला. डाव्या विचारांचे काही तरुण पत्रके वाटतील या भीतीने संयोजकांनी त्यांना आत घेतले नाही. आयझॅक आसिमोव्ह त्यांच्याच कंपूतले, पण ते तेवढे आत जाऊ शकले. १९६८ साली व्हिएतनाम युद्धावरून लेखकांत सरळ दोन तट पडले. ‘गॅलेक्सी’ मासिकात समोरासमोरच्या पानांवर दोन जाहिराती आल्या : एकीकडे युद्धाच्या बाजूच्या लेखकांच्या सह्या, दुसरीकडे विरोधकांच्या. रॉबर्ट हाइनलाइन एका पानावर, आसिमोव्ह दुसऱ्या पानावर. वाचकांनी मात्र दोघांचीही पुस्तके घेणे सोडले नाही. ‘जर-तर’चा इतिहास लिहिण्याचा मोह राजकारण्यांनाही सुटलेला नाही. विन्स्टन चर्चिल यांनी १९३१च्या एका संग्रहात अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई उलटी फिरवून एक खुमासदार लेख लिहिला होता.

नारळीकर स्वतः परमुलखात वाढलेले मराठी मूल. जन्म १९३८चा, कोल्हापूरचा. पण वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण काशीत आणि शाळा हिंदी माध्यमाची. घरात फळा होता आणि त्यावर मामा गणिताचे कोडे आव्हान म्हणून लिहून ठेवत. कोडे सुटेपर्यंत ते पुसायचे नाही. केंब्रिजला गुरू लाभले ते फ्रेड हॉएल. तेही विज्ञानकथा लिहिणारे आणि प्रस्थापित मताशी वाद घालणारे. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे मत जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारले. नारळीकरांनी ते अखेरपर्यंत स्वीकारले नाही. १९९३ साली हॉएल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला. बहुमत त्यांच्याकडे आले नाही. तरी पुण्यात त्यांनी उभारलेल्या ‘आयुका’त त्यांच्या विरुद्ध मताचे शास्त्रज्ञ मानाने काम करीत राहिले.

वाद कसा घालावा याचा नमुना त्यांनी एकदा घालूनही दिला. फलज्योतिष खरे की खोटे, हा आपल्या घराघरातला वाद. २००८ साली नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी तो चाचणीने तपासायचे ठरवले. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मकुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या : कुठली कुणाची ते ओळखायचे. कसे तपासणार आणि किती बरोबर आली तर ज्योतिषाच्या बाजूने कौल धरायचा, हे आधीच ठरले होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. निष्कर्ष ज्यांना पटला नाही त्यांना पटला नाही. पण त्या वादात कुणी कुणाच्या कुळाचा उद्धार केला नाही. यातले दाभोलकर पुढे, २० ऑगस्ट २०१३ला, पुण्यात गोळ्या घालून मारले गेले. आपल्याकडे वाद कोठवर जाऊ शकतो हे त्या सकाळी महाराष्ट्राने पाहिले.

नारळीकर २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाचीच खुर्ची रिकामी राहिली, याची गंमत त्यांच्या जुन्या वाचकांना जाणवली असणार. २० मे २०२५ला पुण्यात ते गेले. नकाशाचा वाद पेटला तो त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच.

घरातला डाव

हे सारे विद्याधर नगरच्या घरात कसे उतरवायचे? एक साधा उपाय अनेक घरांत जमण्याजोगा आहे. अकरावीतले मूल असेल तर त्याच्या पुस्तकातला तो धडा आणि नारळीकरांची मूळ मराठी कथा शेजारी शेजारी ठेवून वाचावी. धडा संक्षिप्त केलेला आहे, मूळ कथेत अधिक रस आहे. शेजारच्या घरातले त्याच वर्गातले मूल आले तर फारच छान. मग डाव मांडावा. प्रत्येकाने इतिहासातली एकच गोष्ट बदलायची, आणि पुढे काय झाले ते सांगताना स्वतःच्या बाजूचे निदान एक नुकसान सांगायचेच. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मावशीलाही हा नियम लागू. ‘अगं, पण आपण जिंकलो ना!’ असे म्हणून तिला सुटता येणार नाही. तिने सांगायचे, जिंकलो आणि मग आपल्या घरातले कोण हरवले ते.

हिंदी शिकलेल्या मुलांना मराठी कथा वाचायला लिपीची अडचण येत नाही. जोडाक्षरेही ओळखीची. दिल्ली किंवा लखनौची मुले अडखळतात ती ‘ळ’पाशी. त्यांच्या तोंडी ‘गोळी’ची ‘गोली’ होते आणि ‘नारळीकर’चे ‘नारलीकर’. जयपूरच्या शेजाऱ्यांकडे मात्र ती अडचण नाही. राजस्थानी बोलींत ‘ळ’ आहे. घरी आजीशी मारवाडीत किंवा ढुंढाडीत बोलणारे मूल विश्वासरावांच्या कानाजवळून जाणारी ती गोळी पहिल्याच वाचनात बरोबर उच्चारते.